पीसी चालू होतो पण पडदा काळाच, कार्डावर सी१ येऊन थांबतं. बोर्ड खरंच गेलाय का?

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी. सांगलीत गेली एकोणीस वर्षं माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या स्मरणिका आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. अंकाचं काम ज्या मशीनवर होतं ते २००७ सालचं आहे: ९४५ चिपसेटचा बोर्ड, अवॉर्ड कंपनीचा बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम), डीडीआर-टू रॅमच्या एकेक जीबीच्या दोन पट्ट्या, विंडोज एक्सपी. नवीन मशीन का घेत नाही, असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगते. नवीन मशीन शेजारच्याच टेबलावर आहे. पण माझ्या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (ज्याशिवाय ते चालत नाही असं छोटं उपकरण) मागच्या पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टलाच लागतं, आणि युनिकोडच्या आधीच्या सगळ्या फायली त्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतात. अंकाची ११२ पानं लागून झाली आहेत, ४० राहिलीत.

झालं ते असं. खंडेनवमीला मी दरवर्षी मशीन उघडून स्वच्छ करते आणि मग हळदकुंकू वाहते. यंदाही बाजूचं झाकण काढलं, ब्लोअर मारला, रॅमच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर पंखे फिरतात, समोरचा हिरवा दिवा लागतो, हार्डडिस्क फिरायला लागल्याचा आवाज येतो, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. बीप वगैरे काही नाही.

दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दहा मिनिटांत सांगितलं, बोर्ड गेला, याचे पार्ट आता मिळत नाहीत. कशावरून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला ते कळल्याशिवाय चैन पडेना. सुरू होताना मशीन स्वतःची तपासणी स्वतःच करतं आणि कुठे अडलं ते आकड्यांत सांगतं, असं वाचलं. म्हणून बोर्डावरच्या पीसीआय स्लॉटात (जादा कार्डं लावायची जागा) लागणारं चार आकडी डायग्नोस्टिक कार्ड मागवलं. आज ते लावलं. डावीकडे सी१, उजवीकडे सी०, आणि तिथेच थांबतं. तीनदा बंद-चालू केलं, तिन्ही वेळा तेच. सोबतच्या पुस्तिकेत सी१ चे तीन वेगवेगळे अर्थ दिले आहेत.

सी१ म्हणजे नेमकं काय? आणि बोर्ड खरंच गेलाय का?

टेक_स्वप्न

ताई, ९४५ चे बोर्ड जुन्या बाजारात अजून मिळतात. सरळ दुसरा घ्या, हार्डडिस्क लावा आणि कामाला लागा. दिवाळी तोंडावर आहे.

सोल्डरगन

ताई, थांबा, बोर्ड बदलायची घाई करू नका. मेलेला बोर्ड सी१ दाखवत नाही.

मी पुण्यात १९९१ पासून ३० वर्षं हेच काम केलं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. बटण दाबल्यावर एसएमपीएस (मशीनचा वीजपुरवठ्याचा डबा) आधी स्वतःचे व्होल्टेज स्थिर करतो आणि मग बोर्डाला 'पॉवर गुड' असा इशारा देतो. तोवर प्रोसेसर रीसेटमध्ये धरून ठेवलेला असतो. इशारा मिळाला की तो जागा होतो आणि पहिली सूचना ठरलेल्या पत्त्यावरून, म्हणजे चार जीबीच्या हद्दीच्या अलीकडे सोळा बाइटवरून, बायॉसच्या चिपमधून उचलतो. पुढे बायॉस एकेक काम करत जातो: चिपसेट, रॅम, मग डिस्प्ले, कीबोर्ड, डिस्क. आणि प्रत्येक कामाला हात घालताना हेक्साडेसिमल ८० या क्रमांकाच्या पोर्टवर एक कोड लिहून ठेवतो. तुमचं कार्ड फक्त तो पोर्ट वाचतं. ही पद्धत १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासूनची आहे.

म्हणजे कोड हे बिघाडाचं नाव नसतं, तो टप्पा असतो. पुण्याची एसटी कराडच्या पुढे आली नाही एवढं त्यातून कळतं. टायर पंक्चर झालाय की रस्ता बंद आहे, ते कराडला जाऊनच बघावं लागतं. पण कराडपर्यंत गाडी आली, हेही त्यातूनच कळतं! तुमच्या कार्डावर डावीकडे आत्ताचा कोड आणि उजवीकडे त्याच्या आधीचा आहे, बहुतेक चार आकडी कार्डांत तसंच असतं. सी० पार पडलं, म्हणजे प्रोसेसर जागा आहे, बायॉसची चिप वाचली जाते आहे, चिपसेटची सुरुवातीची जुळवाजुळव झाली आहे. अवॉर्डमध्ये सी१ म्हणजे 'रॅम किती आणि कोणत्या जातीची आहे ते शोध'. तिथे गाडी थांबली आहे.

पुस्तिकेत तीन अर्थ का, तर अवॉर्ड, एएमआय आणि फिनिक्स या तीन बायॉस कंपन्यांच्या याद्या वेगळ्या आहेत. एकाचा कोड दुसऱ्याच्या यादीत बघितला की माणूस भलतीकडेच जातो. तुम्ही बायॉसचं नाव लिहिलंत, निम्मं काम तिथेच झालं.

आता तीन गोष्टी करा.

कार्डावर व्होल्टेजचे छोटे दिवे असतील: १२, उणे १२, ५, ३.३. चारही लागले पाहिजेत. आरएसटी (रीसेट) लिहिलेला दिवा बटण दाबल्यावर क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला तर गोष्ट वेगळी, मग एसएमपीएसकडे बघावं लागेल. मल्टिमीटर असेल तर बारा व्होल्टला ११.४ ते १२.६ आणि पाच व्होल्टला ४.७५ ते ५.२५ यांच्या मधलं रीडिंग चालतं.

दुसरं, बोर्डाला स्पीकर लावा. हल्ली कॅबिनेटबरोबर येत नाही, म्हणून लोकांना वाटतं मशीन गप्प आहे. काळ्या रंगाचा, बटणाएवढा बझर असतो, चार पिनांच्या खोबणीत बसतो, बोर्डावर तिथे 'एसपीकेआर' किंवा 'स्पीकर' छापलेलं असतं. डिस्प्ले सुरू होण्याआधी काही बिघडलं तर पडद्यावर सांगायची सोयच नसते, म्हणून बीप.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मेन स्विच बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग समोरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. दोन्ही रॅम काढून टाका. हार्डडिस्क, सीडी, सगळ्यांच्या केबल काढा. लॉकसुद्धा काढा. प्रोसेसर, त्याचा पंखा, कार्ड आणि स्पीकर एवढंच राहू द्या आणि चालू करा. अवॉर्ड असेल तर लांब बीप थांबून थांबून येत राहील. तो आला, तर बोर्ड जिवंत आहे आणि रॅम नाही म्हणून तक्रार करतो आहे. नाही आला, तर मग पुढचं बोलू.

कार्ड बसवताना एक सांभाळा. एका कडेला पीसीआय आणि दुसऱ्या कडेला जुना आयएसए असं दुहेरी कार्ड असेल तर ते उलटं बसू शकतं आणि मग कार्ड आणि बोर्ड दोन्ही जातात. ते सी१ दाखवतंय म्हणजे तुम्ही बरोबरच लावलंय, पण परत काढता-घालताना लक्ष असू द्या.

लॅब_राजापूर

सोल्डरगनकाकांनी लिहिलंय त्याला पुस्ती. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये १२ मशीन आहेत आणि पावसाळ्यात दर आठवड्याला एखादं तरी रॅमवर अडतं. इकडची दमट हवा सोनेरी पट्ट्यांवर एक मळकट थर आणते. पट्टी काढून पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसायची आणि परत बसवायची. दहातली आठ मशीन त्यावरच उठतात.

ताई, दोन्ही पट्ट्या एकदम लावू नका. एकच पट्टी, आधी एका स्लॉटात, मग दुसऱ्यात. मग दुसरी पट्टी तशीच. चार वेळा चालू करून बघायचं आणि प्रत्येक वेळचा कोड कागदावर लिहायचा. मनात ठेवलं तर तिसऱ्या वेळेपर्यंत घोळ होतो. आणि कार्डावरचे आकडे वाचताना जपा: सात रेघांच्या त्या दिव्यांत इंग्रजी बी आणि ६ सारखेच वाटतात. सहाच्या डोक्यावर आडवी रेघ असते, बीच्या नसते. माझा एक अख्खा दिवस यात गेला आहे.

सोल्डरगन

सर, खोडरबराबद्दल माझं मत वेगळं आहे. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, रबर त्याला घासतो, आणि रबराचे कण स्लॉटात पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या, केमिस्टकडे मिळतं. दुसरा काही इलाज नसेल तेव्हाच रबर, तोही एकदाच, आणि पट्टी बोर्डापासून लांब नेऊन.

चार वेळा चालू करून लिहून ठेवायचं मात्र शंभर टक्के बरोबर. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या साहेबांनी हीच सवय लावली. तेव्हा आयबीएमच्या मशीनवर पडद्यावर आकडे यायचे, २०१ म्हणजे रॅम, ३०१ म्हणजे कीबोर्ड, १७०१ म्हणजे हार्डडिस्क. ३०१ दिसलं की आम्ही स्क्रूड्रायव्हर काढायच्या आधी कीबोर्डवर एखादं रजिस्टर पडलंय का ते बघायचो, कारण तपासणीच्या वेळी एखादी कळ दाबलेली असली तरी तोच आकडा यायचा.

अक्षरजुळणी

काका, सर, मनापासून आभार. जे केलं ते क्रमाने लिहिते.

जुन्या एका कॅबिनेटमधून स्पीकर मिळाला. कार्डावरचे चारही दिवे लागतात, आरएसटी लागून लगेच विझतो. मग काकांनी सांगितलं तसं सगळं सोडवलं, रॅम काढल्या, स्पीकर लावला आणि बटण दाबलं. एक लांब बीप. थांबला. परत लांब बीप. परत. मी ते मिनिटभर तशीच ऐकत उभी राहिले. पाच दिवस हे मशीन मेलंय असं धरून चालले होते आणि ते बोलत होतं! खरंच सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

मग रॅम. आयसोप्रोपिल केमिस्टकडे मिळालं, पट्ट्या पुसल्या. एक आणि दोन अशी नावं पेन्सिलने त्यांच्या लेबलवर लिहिली. माझा कागद असा:

पट्टी एक, प्रोसेसरजवळचा स्लॉट: सी१, थांबलं, आवाज नाही.
पट्टी दोन, तोच स्लॉट: सी१, थांबलं, आवाज नाही.
पट्टी एक, लांबचा स्लॉट: आकडे भराभर पळाले, एक छोटी बीप, एफएफ.
पट्टी दोन, लांबचा स्लॉट: तसंच, एफएफ.

पण एफएफ बघून पोटात गोळा आला. पुस्तिकेत लिहिलंय की एफएफ म्हणजे बोर्ड चालतच नाही. मॉनिटरची केबल मी तोवर लावलेलीच नव्हती, म्हणून पडद्यावर काय होतं ते बघितलं नाही. आता काय करू?

सोल्डरगन

ताई, मॉनिटर लावा! चालू झालंय तुमचं मशीन.

एफएफचे दोन अर्थ आहेत आणि यात खूप लोक फसतात. बटण दाबल्यापासून एफएफ किंवा ०० जसाच्या तसा राहिला, एकही आकडा हलला नाही, तर प्रोसेसर बायॉस वाचतच नाही. पण आकडे पळून पळून शेवटी एफएफवर आले आणि एक छोटी बीप झाली, तर अवॉर्डमध्ये तपासणी संपली आणि ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे द्यायची वेळ आली. ती एक छोटी बीप १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून 'सगळं ठीक' म्हणूनच आहे.

तुमच्या कागदावरून निकाल स्वच्छ दिसतो. दोन्ही पट्ट्या चांगल्या आहेत, प्रोसेसरजवळच्या स्लॉटात काहीतरी आहे. टॉर्च घ्या आणि स्लॉटाच्या आत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश बघा. वाकलेली पिन, हिरवा थर, कचरा, काहीही. भिंग असेल तर उत्तम. फोनचा कॅमेरा झूम करूनही दिसतं.

रात्रपाळी

मी एका ऑफिसची मशीन सांभाळतो. नवीन मशीनवाले हा धागा वाचत असतील तर थोडं त्यांच्यासाठी. आताच्या बहुतेक बोर्डांवर पीसीआय स्लॉट नसतो, त्यामुळे ताईंचं कार्ड तिथे लागणार नाही. त्याऐवजी बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतात, ज्यावर अडलं तो लागलेला राहतो. महाग बोर्डांवर दोन आकडी डिस्प्ले बोर्डावरच असतो. एएमआयच्या नव्या बायॉसमध्ये ५५ आलं तर रॅम लावलेलीच नाही, ५३ म्हणजे वापरता येईल अशी रॅम सापडली नाही.

डेलच्या अनेक मशीनवर पॉवरचा दिवा पिवळा आणि पांढरा लुकलुकतो, ते मोजायचं. दोनदा पिवळा, तीनदा पांढरा म्हणजे रॅम सापडली नाही. दोन-एक म्हणजे प्रोसेसर, तीन-एक म्हणजे सीमॉसची (बायॉसच्या सेटिंग जपणाऱ्या मेमरीची) बॅटरी. पहिल्या चक्रात मोजू नका, एक लांब विश्रांती होऊ द्या, मग मोजायला लागा. आणि हाताने मोजण्यापेक्षा फोनवर व्हिडिओ घ्या.

ताई, टॉर्चने काय दिसलं ते नक्की लिहा.

अक्षरजुळणी

लिहिते.

काकांचा निरोप वाचला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. मशीन आडवं केलं, टॉर्च तोंडात धरला आणि फोनचा कॅमेरा स्लॉटावर आणला. स्लॉटाच्या मधल्या खाचेपासून साधारण दोन बोटं अलीकडे, दोन्ही बाजूंच्या पिनांच्या मध्ये, काहीतरी फिकट दिसलं. आधी वाटलं प्लॅस्टिकच आहे. झूम केलं तर कड सरळ, कापल्यासारखी. कागद होता. नखाच्या कडेएवढी, केसाहून थोडी जाड अशी कागदाची चिंधी, उभी, पिनांना चिकटून बसलेली.

मग सगळं उलगडलं. माझ्या टेबलापासून चार फुटांवर कटिंग मशीन आहे. पत्रिकांच्या कडा मारताना अशाच चिंध्या उडतात, त्यांचा भुसा कोपऱ्याकोपऱ्यात साचतो. खंडेनवमीला मी रॅम काढून स्लॉट उघडे ठेवले आणि वरून ब्लोअर मारला. कॅबिनेटच्या तळाचा सगळा कागद मीच उडवून त्या स्लॉटात घातला. आधी ब्लोअर आणि मग रॅम काढायची, हा क्रम यापुढे कधीही चुकणार नाही.

ती चिंधी काढायला लाकडी टूथपिक घेतली, लोखंडी काही नको असं वाटलं. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा टोकाला चिकटून वर आली. नंतर नव्या कोऱ्या चित्रकलेच्या ब्रशने स्लॉट झटकला, बारीक पांढरी धूळ आणखी निघाली. दोन्ही पट्ट्या दोन्ही स्लॉटांत बसवल्या, दोन्ही कडांच्या चापांचा टक आवाज येईपर्यंत. मॉनिटर लावला. बटण दाबलं. एक छोटी बीप, आणि पडद्यावर २०४८ एमबी.

त्याखाली एक ओळ आली: सीमॉस चेकसम एरर, एफ-वन दाबा. तारीख २००७ सालची झाली होती. बोर्डावरची सीआर-२०३२ बॅटरी मोजली तर २.४ व्होल्ट निघाली, नवी घातली, तारीख-वेळ लावली. एक्सपी उघडलं. पण मराठीचं सॉफ्टवेअर म्हणतं, लॉक सापडत नाही. लॉक घट्ट बसवलंय, दोनदा काढून लावलं. हे कशामुळे?

सोल्डरगन

बॅटरी उतरली तेव्हा बायॉसच्या सेटिंग मूळपदावर गेल्या, त्यात प्रिंटर पोर्टचीही गेली. सुरू होताना डिलीट दाबून सेटअपमध्ये जा, इंटिग्रेटेड पेरिफेरल्समध्ये पॅरलल पोर्ट बघा. तो ३७८/आयआरक्यू ७ असायला हवा, डिसेबल्ड असेल तर तो चालू करा. त्याच्याखाली मोड असतो: एसपीपी, ईपीपी, ईसीपी. जुनी लॉक कधी एकावर चालतात, कधी दुसऱ्यावर. आधी एसपीपी ठेवून बघा, नाही चाललं तर ईपीपी. एफ-टेन दाबून सेव्ह करायला विसरू नका.

आणि एक काम आजच्या आज करा. मशीन आता धडधाकट आहे, अंकाच्या फायली आणि फॉन्टचं फोल्डर दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या. मग कार्ड स्लॉटात तसंच ठेवून एकदा निवांत चालू करा आणि कोड कोणत्या क्रमाने जातात, कुठे किती रेंगाळतात, त्याचा फोनवर व्हिडिओ घ्या. निरोगी असतानाचा क्रम हाताशी असला की पुढे कधी अडलं तर यादीत शोधत बसावं लागत नाही, काय वेगळं झालं ते लगेच दिसतं.

लॅब_राजापूर

ताई, तुमचा कागदाचा किस्सा उद्या नववीच्या मुलांना सांगतो. चार वेळा चालू करून लिहिलेला तो तक्ताही फळ्यावर काढतो, चालेल ना?

अक्षरजुळणी

सर, जरूर काढा.

काका, पोर्ट चालूच होता पण मोड ईसीपीवर गेला होता. एसपीपी केलं आणि लॉक लगेच ओळखलं गेलं. फायली काल रात्रीच पेनड्राइव्हवर आणि नव्या मशीनवर उतरवल्या. व्हिडिओ घेतला आणि सावकाश बघून कोड उतरवले: सी०, सी१ क्षणभर, मग आकडे वाचताही येत नाहीत इतके भराभर, ७५ वर दोन सेकंद रेंगाळतो, तिथे हार्डडिस्क ओळखली जाते असं अवॉर्डच्या यादीत मिळालं, आणि शेवटी एफएफ. तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. कटिंग मशीन आणि टेबल यांच्यामध्ये एक जाड पडदा लावायला सांगितलाय, शिंपी परवा देतो म्हणाला.

आज दुपारपर्यंत ११९ पानं झाली.